खुंट्याला बांधलेली होडी

मी एक जुना कासरा आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर अर्धाच. कासरा म्हणजे बैलाला बांधायचा, त्याला धरून न्यायचा लांब दोर. दोराच्या जातीला बोलायची संधी मिळाली की ती चऱ्हाटच लावते असं लोक म्हणतात, म्हणून मी बेतानं सांगणार आहे. पण एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. मी जन्माचा भित्रा आहे. उंदराला भितो, विस्तवाला भितो, आणि सगळ्यांत जास्त पात्याला भितो. विळा कोणी नुसता धार लावायला काढला तरी माझा पीळ आवळतो.

कर्जत तालुक्यातल्या पोशीर गावी कोंडाजी नावाचा एक शेतकरी होता. त्याच्या भातखाचराच्या बांधावर दरवर्षी अंबाडी असायची. भात कापून झालं की ती उपटायची, ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून पंधरा दिवस कुजवायची, मग तिची साल सोलून, आपटून, धुऊन वाळवायची. उरतात ते पांढुरके लांब तंतू, म्हणजे वाख. तेच माझं बाळपण. पाण्याखाली दबून राहण्याची धास्ती मला तेव्हापासूनची आहे.

कोंडाजीची बायको सोनाबाई माझं एक टोक धरून बसली आणि कोंडाजी पीळ भरत भरत अंगणभर मागे सरकत गेला. बाईचा हात मोठा चिवट. जरा कुठे पीळ सैल पडला की ती नवऱ्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावी. असे तीन पदर झाले, ते एकमेकांत गुंफले, आणि सोळा हातांचा मी तयार झालो. मला पाखऱ्या नावाच्या तांबड्या बैलासाठी वळलं होतं.

पुढची पाच वर्षं माझी सुखाची गेली. एकदा खालापूरच्या वाटेवर भाताची गाडी आसापर्यंत चिखलात रुतली होती. पाखऱ्यानं मान खाली घातली, मी ताणलो, आणि गाडी बाहेर आली. तेव्हापासून कोंडाजी चारचौघांत माझ्यावर थाप मारून सांगायचा, "ह्यो कासरा तुटायचा नाय." ते ऐकून मी फुगायचो. भित्र्याला अशा कौतुकाचा आधार फार वाटतो.

त्या घरात एक रीत होती. जित्या बैलाच्या कासऱ्याला पातं लावायचं नाही. बैल मेला तरच त्याच्या गळ्यातला कासरा, न सोडता, कापून काढत. त्यामुळे कापलेला कासरा दारात दिसला की गोठ्यातलं कोणी गेलं हे न विचारता कळायचं. मला ही रीत फार आवडे. पाखऱ्या धट्टाकट्टा होता, तोवर मलाही मरण नव्हतं.

आता कोंडाजीच्या नादाबद्दल सांगायला हवं. त्याला गळ टाकून मासे धरायचा नाद होता. पोटासाठी नव्हे, नुसत्या हौसेसाठी. शेतीची कामं आटोपली की तो आणि डोंगराकडच्या ठाकरवाडीतला धाऊ नदीच्या डोहावर तासन्‌तास बसून राहायचे. धाऊ बोलायला कमी, पण पाण्याचा जाणता. कमरेला लाकडी आकडीत अडकवलेला कोयता त्याच्या अंगाचाच भाग होता. मी त्याच्यापासून नेहमी चार हात लांब राही.

सोनाबाईचा भाऊ भिवाजी दहिवलीला राहायचा आणि कर्जत स्टेशनात हमाली करायचा. कर्जतच्या बाजारात सुकी मासळी घेऊन येणाऱ्या नामा कोळ्याशी त्याची दोस्ती जमली होती. या नामानं एकदा कोंडाजीचे नदीतले मासे पाहिले आणि हसून म्हणाला की आमच्याकडे एवढेसे मासे आम्ही गळाला आमिष म्हणून लावतो. झालं. हे कोंडाजीच्या वर्मी लागलं. त्यानं ठरवलं, एकदा खाऱ्या पाण्यात गळ टाकायचाच.

१९३१ सालचा शिमगा आला. होळीला कोळी लोक आपल्या होड्या किनाऱ्याला लावून सण करतात, त्यामुळे होडी मोकळी मिळणार होती. नामानं निरोप धाडला, होडी आहे, पण तिचा दोर कुजला आहे, चांगला दोर घेऊन या. कोंडाजीनं खुंटीवरून मला उचललं. सोनाबाईला ते रुचलं नाही. पाखऱ्याला तिनं दुसऱ्या दाव्यानं बांधलं आणि नवऱ्याला दोन गोष्टी बजावल्या. कासऱ्याला पातं लावायचं नाही, आणि भिवाला पोहता येत नाही, त्याला नीट परत आणायचं. भिवाजी तिचा एकुलता एक भाऊ. आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं.

कर्जतहून खोपोलीची आगगाडी, तिथून शिळफाट्यावरून पेणकडे जाणारी मोटार, आणि मग खाडीच्या काठानं पायपीट. एवढं करून आम्ही होळीच्या संध्याकाळी नामाच्या गावी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी धुळवड. पहाटेच कोंडाजी, धाऊ आणि भिवाजी असे तिघं किनाऱ्यावर आले. धाऊनं समुद्र त्याआधी कधी पाहिला नव्हता. त्यानं बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं की याचा पलीकडचा काठ कुठं आहे. माझ्या पिळातून तेव्हाच एक कळ गेली.

नामा रात्रभर जागला होता. जागरणानं त्याचे डोळे तांबारले होते. होडी ढकलून देताना तो जांभई देत म्हणाला, "आज भांग नाय हां. कालच पुनव झाली."

भिवाजीला हसू फुटलं. धुळवडीला भांग प्यायची हौस त्याला होतीच. तो म्हणाला, "नसंल तर नसंल, आमी मासं धराया आलोय, भांग प्याया नाय." कोंडाजी हसला, धाऊही गालातल्या गालात हसला. नामा पुढं आणखी काहीतरी सांगत होता, दोराबद्दल, पण हसण्याच्या आणि वल्ह्यांच्या आवाजात ते कोणाच्या कानांवर गेलं नाही. माझ्याही नाही.

ओहोटी लागलेली होती. त्या पाण्याबरोबर होडी आपोआप खाडीच्या तोंडापर्यंत गेली. मागचा किनारा बारीक होत होत काळ्या रेघेएवढा उरला. तिथं पाण्यात कोळ्यांनी जाळी बांधायला रोवलेले मोठमोठे लाकडी खुंटे होते. एका खुंट्याचं डोकं पाण्याच्या वर हातभर दिसत होतं आणि त्याला जाळं अडकवायची खोल खाच होती.

कोंडाजी खूश झाला. खुंटा त्याच्या ओळखीचा. त्यानं माझं एक टोक त्या खाचेत दुहेरी गुंडाळलं आणि बैलाला घालायची ती गाठ मारली, जितकं ओढावं तितकी आवळत जाणारी. मग चार हात सोडून तसलीच दुसरी गाठ होडीच्या पुढच्या टोकाला मारली. माझे उरलेले आठ हात होडीत वेटोळं करून टाकले. भिवाजी म्हणाला, "दाजी, जरा लांब बांदा की."

कोंडाजी म्हणाला, "बैल मोकाट सोडत नाय आपन. होडी कशाला सोडायची?"

मित्रांनो, नदीकाठच्या माणसाचं पाणी एकाच बाजूनं वाहतं. ते पावसाळ्यात चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं. फाल्गुनातल्या कोरड्या आभाळाखाली पाणी उगाच वर येईल हे कोंडाजीच्या मनाला शिवलंच नाही. भरती-ओहोटी हे शब्द त्यानं ऐकले होते, पण ऐकणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं.

थोड्या वेळानं पाण्याची ओढ थांबली. जरा वेळ सगळं निपचित झालं, आणि मग पाणी उलट वाहू लागलं, समुद्राकडून खाडीकडे. होडी खुंट्याभोवती हळूच फिरून दुसऱ्या बाजूला गेली. धाऊनं मान वर केली, पण त्याच घडीला कोंडाजीच्या गळाला हिसका बसला. जिताडा लागला होता, हातभर लांब, चांदीसारखा. तिघांची धांदल उडाली. एक काढतो तोवर दुसरा लागला. येणाऱ्या पाण्याबरोबर मासे खाडीत शिरत होते. कोंडाजीच्या तोंडावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. नामाला तोंडावर दाखवीन, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मला मात्र कळलं होतं. पाणी खुंट्यावरच्या माझ्या गाठीपर्यंत आलं, मग गाठीच्या वर गेलं. मी भिजलो, फुगलो, आणि माझ्यावर ताण यायला लागला. बैल ओढतो तेव्हा थांबून थांबून ओढतो, मध्ये श्वास घेतो. त्या श्वासापुरती मला उसंत मिळते. हे पाणी श्वास घेत नव्हतं. ते नुसतं वर येत होतं, आणि होडी त्याच्याबरोबर वर जाऊ पाहत होती, आणि मी तिला खाली धरून ठेवत होतो.

मला ओरडायचं होतं. पण आमच्या जातीला आवाज असतो तो फक्त करकरण्याचा. मी करकरलो. भिवाजीला वाटलं, वल्हं वाजलं.

शेवटी धाऊच म्हणाला, "दादा, खुंटा कुठं गेला?"

तिघांनी पाहिलं. खुंटा दिसत नव्हता. मी पाण्यात सरळ खाली गेलेलो, तारेसारखा ताठ. होडीचं पुढचं टोक इतकं दबलं होतं की लाटेचं पाणी ओंजळ ओंजळ आत येत होतं. कोंडाजीला अजून वाटलं, दोन मोठे मासे पुढे टाकलेत त्यांचा भार असेल. त्यानं मासे मागे फेकले. टोक तसूभरही वर आलं नाही. तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

तो होडीकडच्या माझ्या गाठीला भिडला. नखं मोडेपर्यंत भिडला. पण ती बैलाची गाठ होती, ओढेल तशी आवळणारी, आणि तिला ओढत होता अख्खा समुद्र. भिजलेली अंबाडी लाकडासारखी झाली होती. त्यानं दातांनीही धरून पाहिलं. दातांची थरथर मला लागत होती. खुंट्यावरची गाठ तर पाण्याखाली पुरुषभर गेली होती.

भिवाजी मागच्या फळीला घट्ट धरून बसला होता. त्याची पाचावर धारण बसली होती. तो एकच वाक्य म्हणत होता, "अक्काला काय सांगशीला, दाजी, अक्काला काय सांगशीला." आसपास एक होडी नव्हती. सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर धुळवड खेळत होता.

धाऊनं कोयता उपसला.

ते पातं उन्हात चमकलं आणि माझे सगळे तंतू गोठले. पण त्याहून विचित्र गोष्ट अशी की कोंडाजीनं धाऊचं मनगट पकडलं. तो म्हणाला, "पातं नको लावू. पाखऱ्या जाईल."

धाऊ शांतपणे म्हणाला, "दादा, पाखऱ्या गोठ्यात हाय. आपुन पान्यात हाव."

कोंडाजीला ते ऐकू गेलं, पण हात सुटेना. हसू नका, मित्रांनो. भीतीनं वेढलेल्या माणसाला लांबचं दिसतं आणि जवळचं दिसत नाही. त्याला गोठ्यात आडवा पडलेला पाखऱ्या दिसत होता.

आणि मी? मी काय मागत होतो, सांगू? आधी मी देवाला म्हणालो, पातं नको. मग आणखी एक लाट आत आली आणि भिवाजीच्या गुडघ्यापर्यंत पाणी चढलं. तेव्हा मला उमगलं की या तिघांना समुद्र बुडवत नव्हता, मी बुडवत होतो. 'तुटायचा नाय' हे ऐकून पाच वर्षं फुगलेला मी. मी माझ्या एकेका तंतूला विनवू लागलो, तुटा रे, एकदा तरी तुटा. पण सोनाबाईनं भरून घेतलेला पीळ होता तो. सुंभ जळतो, पीळ जळत नाही म्हणतात. तो भिजला तर आणखी घट्ट होतो, हे मात्र कोणी म्हणत नाही. माझ्या जन्मात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, कारण ती भीती या वेळी माझ्यासाठी नव्हती.

होडी एकदम तिरपी झाली. फळीवरून भिवाजीची पकड सुटली आणि तो बाहेर पडला. होडीची कड त्याच्या एका हातात राहिली. पाणी त्याला खाडीकडे खेचत होतं. त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं आणि बोलणं थांबलं होतं. फक्त डोळे कोंडाजीवर होते.

कोंडाजीनं धाऊचं मनगट सोडलं. म्हणाला, "दे हिकडं. मालक मी हाय. काय व्हायचं ते माज्यावर येऊ दे." धाऊनं कोयता त्याच्या हातात दिला.

दोनच घाव. पहिल्याला एक पदर गेला. दुसऱ्याला दुसरा. दोन घावांच्या मध्ये मला एवढंच वाटलं की आता मी कुठल्या अर्ध्यात उरणार. वरच्या की खालच्या, उन्हातल्या की अंधारातल्या? तिसरा घाव बसायच्या आधीच उरलेला पदर ताणानं फाटला, आणि माझा खालचा भाग सापासारखा पाण्यात शिरला. मी वर उरलो. का उरलो ते मला माहीत नाही.

होडी खाली दाबून ठेवलेल्या रेड्यासारखी उसळली. धाऊ फळीवर आपटला, आणि त्या उसळीत भिवाजीचा हात कडेवरून निसटला. तो वाहू लागला. वल्ही कधीच गेली होती. कोंडाजीला होडीत एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे मी, आठ हातांचं वेटोळं, एका टोकानं अजून होडीला आवळलेलं. त्यानं ते फेकलं. पहिल्यांदा मी आखूड पडलो. दुसऱ्यांदा भिवाजीच्या खांद्यावर पडलो, आणि त्यानं मला दोन्ही मुठींनी धरलं. माणसाची मूठ मी खूप वेळा अनुभवली आहे. तशी मूठ पुन्हा कधी अनुभवली नाही. त्या दोघांनी ओढलं आणि मी धरून ठेवलं. आता मात्र तुटायचं नव्हतं, आणि मी तुटलो नाही.

भरतीच्या पाण्यानं होडी तशीच वाहत वाहत खाडीत आली. किनाऱ्यावर रंगानं माखलेला नामा पाण्यात कमरेएवढा उतरून उभा होता. त्यानं तिघांना एकेक करून बाहेर घेतलं, कोरडी वस्त्रं दिली, आणि मग तो संतापला. म्हणाला, "सकाळी कानी कपाळी वरडून सांगलं ना, भांग नाय म्हनून."

तेव्हा कुठे उलगडा झाला. खाडीकाठी भांग म्हणजे भरतीचं पाणी कमी चढतं ते दिवस. पुनवेला आणि अवसेला भांग नसते, उधाण असतं. त्या दिवशी पाणी तीन माणसं एकावर एक उभी करावी इतकं चढतं. दोर लांब आणि ढिला सोडा, हेच तो पुढं सांगत होता. एका शब्दाला हे लोक हसले होते, आणि तो शब्द त्यांच्या जिवावर उठला होता. मासे कोंडाजीनं नामाच्या दारात ठेवले आणि त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर कोंडाजी घाबरलेलाच होता. मोटारीत, आगगाडीत, तो माझं कापलेलं टोक बोटांत धरून बसला होता. पाखऱ्या उभा असेल का, एवढाच त्याच्या जिवाला घोर. भिवाजीची कामावर पाळी होती, म्हणून तो कर्जतलाच उतरून राहिला. पोशीरच्या वेशीवर धाऊ आपल्या वाडीकडे वळला. कोंडाजी मला खांद्यावर टाकून एकटाच अंगणात शिरला.

सोनाबाई दारात होती. तिनं नवऱ्याचं तोंड पाहायच्या आधी मला पाहिलं. माझं पिंजारलेलं, पात्यानं तुटलेलं टोक पाहिलं. मग त्याच्या मागची रिकामी वाट पाहिली. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"कोन गेलं?" ती म्हणाली.

कोंडाजीचे डोळे गोठ्याकडे लागलेले. त्याला बोलता येईना. त्या न बोलण्याचा तिनं काय अर्थ घ्यावा? ती उंबऱ्यावर बसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात गोठ्यात पाखऱ्या कान हलवत उभा दिसला, तोंडात पेंढा घोळवत, आणि कोंडाजीला वाचा फुटली. तो घाईघाईनं सांगू लागला, भिवा आहे, कर्जतला आहे, चांगला आहे, त्याच्यासाठीच कापला. पण तिचा विश्वास बसेना. कापलेला कासरा खोटं बोलत नाही, हे ती या घरात आल्यापासून शिकली होती. तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "मला त्याला बघू दे."

कोंडाजी त्याच पावली मागे फिरला. दुसऱ्या दिवशी, दिवस मावळायच्या आत तो भिवाजीला हाताला धरून घेऊन आला. सोनाबाईनं भावाचे दोन्ही तळहात उलटून पाहिले. त्यांवर माझा पीळ लाल वळांनी उठलेला होता, एकेक पदर मोजता येईल असा. ती त्या वळांवर हात फिरवत राहिली, आणि मग पहिल्यांदा रडली.

मला पुन्हा कोणी बैलाला बांधलं नाही. कापलेला कासरा जित्या जनावराला चालत नाही. मी खुंटीवर आहे, धूळ खातो, आणि उंदरांची भीती आहेच. माझा दुसरा अर्धा भाग अजून त्या खुंट्याला असेल, रोज दोनदा पाण्याखाली जात असेल, हे मनात आलं की मी अजूनही आकसतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा दोर असेल. त्याला उन्हापावसात टाकू नका, ओला गुंडाळू नका, पाण्याजवळच्या माणसाचं ऐकल्याशिवाय पाण्यात बांधू नका. बांधाल तेव्हा थोडी ढील ठेवा. आणि कधी असं झालं की आमच्या पिळात कोणाचा जीव अडकला, तर आमची माया करू नका, रीत आठवत बसू नका. आम्हाला भीती वाटेल, आम्ही करकरू. तरी कापा.